चौघांचा प्रवास एकाच देशात, पण कॉलऱ्याची लस चौघांना नाही

वाचकाचं पत्र

माझे पती पाणीपुरवठा अभियंता आहेत. विस्थापितांच्या एका छावणीत पाण्याची व्यवस्था उभी करायला ते अठरा दिवसांनी परदेशी निघणार आहेत आणि चार महिने तिथेच राहतील. त्या देशात कॉलऱ्याची साथ चालू आहे. (देशाचं नाव छापू नये ही विनंती.) दोन महिन्यांनी मी, आमची पाच वर्षांची मुलगी आणि माझ्या सासूबाई त्यांना भेटायला जाणार आहोत. आम्ही तिघी राजधानीतल्या हॉटेलात दहा दिवस राहू. सासूबाई 69 वर्षांच्या आहेत. तब्येत ठणठणीत आहे, फक्त ॲसिडिटीची गोळी गेली कित्येक वर्षं रोज घेतात.

ऑफिसातल्या एकांनी सांगितलं, कॉलऱ्याच्या इंजेक्शनचा दाखला नसेल तर विमानतळावर अडवतात. मैत्रीण म्हणते, ही लस घेतली की बाहेरचं काहीही खा, पोट बिघडत नाही. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "कशाला? काही गरज नाही." आम्ही ऐकायचं कुणाचं? आणि पती परत येताना हा आजार घरी घेऊन आले तर, ही धास्ती वेगळीच.

उत्तर

नमस्कार.

तारीख जवळ आली असल्यामुळे यजमानांच्या पहिल्या डोसबद्दल तुम्हाला आधीच दोन ओळी कळवल्या होत्या. बाकीचं इथे लिहिते, कारण तुम्हाला मिळाले तसेच तीन सल्ले पदरात घेऊन निघणारे बरेच असतात.

निकाल आधी सांगून टाकते. यजमानांनी लस घ्यायलाच हवी. सासूबाईंनी घ्यावी असं माझं मत आहे, पण त्याआधी त्यांच्या त्या रोजच्या गोळीचा छडा लावा. तुम्हाला आणि लेकीला मी ही लस घ्यायला सांगणार नाही.

देश एक, घर एक, मग उत्तरं वेगळी का? देशाचं नाव ऐकून कॉलऱ्याचा धोका ठरवता येत नाही. तुमच्या पोटात कुठलं पाणी जाणार आहे आणि तिथे गेल्यावर जठरातलं आम्ल त्याचा समाचार घेणार की नाही, यावर तो ठरतो. तुमच्या डॉक्टरांचंच घ्या. साधारण पर्यटकाच्या बाबतीत ते चुकीचं बोलले नाहीत. साथीच्या भागांत जाऊन येणाऱ्या प्रवाशांत कॉलरा होण्याचं प्रमाण दहा लाखांमागे दोन-तीन इतकंच धरलं जातं. फक्त कोण, कुठे, कशासाठी जातंय हे त्यांनी विचारलं नसावं, किंवा तुम्ही सांगितलं नसावं. बंद बाटलीतलं पाणी पिणारा हॉटेलातला पाहुणा आणि छावणीत चार महिने त्याच विहिरी, त्याच टाक्या, तेच संडास यांच्यात वावरणारा अभियंता यांना एका मापाने मोजता येत नाही.

आता दाखल्याची भीती. ती बऱ्याच जुन्या काळातून आली आहे. कॉलऱ्याच्या इंजेक्शनचा दाखला सीमेवर दाखवावा लागे, असा काळ खरोखरच होता. वाल्डेमार हाफकिन यांनी 1892 मध्ये पॅरिसमध्ये आपली कॉलऱ्याची लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली आणि मग कोलकात्यात तिच्या चाचण्या केल्या. तिथून पुढे कित्येक दशकं कॉलऱ्याची लस म्हणजे इंजेक्शनच. दंड दुखायचा, ताप यायचा, आणि एवढं सोसून संरक्षण मिळायचं निम्म्या लोकांना, तेही काही महिन्यांपुरतं. शिवाय टोचून घेतलेला माणूससुद्धा जंतू पोटात घेऊन सीमा ओलांडू शकायचा. म्हणजे दाखला तपासून साथ थांबत नव्हती, नुसत्या रांगा वाढत होत्या. 1973 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय नियमांतून ही अट काढून टाकली. विमानतळावर दाखला मागतात तो पीतज्वराच्या लसीचा, म्हणजे यलो फीवरचा, आणि तोही ठरावीक देशांत. तुमच्या देशासाठी तो लागतो का, हे वकिलातीच्या किंवा आरोग्य खात्याच्या अधिकृत माहितीत बघून घ्या. ऑफिसातल्या गृहस्थांनी बहुधा या दोन लसींची गल्लत केली आहे. तरीही यजमानांनी घेतलेल्या प्रत्येक डोसची तारीख आणि लसीचं नाव लसीकरणाच्या पुस्तिकेत लिहून घ्यावं. दोन वर्षांनी बूस्टरचा प्रश्न येईल तेव्हा ती नोंद उपयोगी पडेल.

प्रवाशांसाठीची आजची कॉलऱ्याची लस प्यायची असते. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण मैत्रिणीच्या सल्ल्याचं मूळही त्यातच आहे. कॉलऱ्याचा जंतू रक्तात शिरत नाही. तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो आणि तिथूनच एक विष सोडतो. हे विष वेगळं असतं हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवून दिलं. विषाचे दोन भाग असतात. एक भाग आतड्याच्या पेशीला जाऊन चिकटतो, दुसरा पेशीच्या आत शिरून तिचं कामकाज बिघडवतो. मग क्षार आणि पाणी आतड्यात ओतायचं ती थांबवतच नाही. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकतं, ते यामुळे. इंजेक्शनने रक्तात प्रतिपिंडं तयार होत, पण आतड्याच्या पोकळीत चाललेल्या या प्रकाराशी त्यांची गाठ फारशी पडत नसे. तोंडाने घेतलेली लस आतड्याच्या अस्तरालाच शिकवून तयार करते.

ड्युकोराल नावाची लस अशी आहे. स्वीडनमध्ये तिला 1991 मध्ये परवाना मिळाला. तिच्यात मारलेले जंतू असतात आणि त्या विषाचा फक्त चिकटणारा, निरुपद्रवी भाग असतो. हा चिकटणारा भाग दुसऱ्या एका जंतूच्या विषाशी बराच मिळताजुळता आहे. प्रवासात होणाऱ्या जुलाबांना कारण होणारा ई. कोलायचा एक प्रकार असतो, त्याच्या विषाशी. त्यामुळे ड्युकोराल त्या जुलाबांनाही थोडं अडवेल अशी आशा होती आणि काही देशांत ती त्यासाठीही विकली गेली. पण प्रवाशांचं पोट बिघडायला कारणं अनेक असतात, आणि ई. कोलायच्या या जातीतल्या सगळ्याच जंतूंकडे ते विष नसतं. सगळे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तेव्हा जुलाबांपासून संरक्षण मिळतं असं म्हणण्याइतका पुरावा हाती आला नाही. म्हणजे मैत्रिणीचा सल्ला हवेतून आलेला नाही, पण तो पाळून तुम्ही दहा दिवस आजारी पडू शकता. तिला माझा नमस्कार सांगा आणि तुम्ही मात्र ताटात काय आहे ते बघूनच खा.

यजमानांच्या वेळापत्रकाकडे येऊ. ड्युकोरालचे प्रौढांना दोन डोस लागतात. दोन्हींत किमान एक आठवडा जावा लागतो, आणि सहा आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुरेसं संरक्षण दुसऱ्या डोसनंतर साधारण आठवड्याने मिळतं. हिशेब केला तर चौदा दिवस होतात. हातात अठरा होते. म्हणून तर तुम्हाला घाईने कळवलं. लस तुमच्या शहरात लगेच मिळाली नाही, चार दिवसांहून जास्त उलटून गेले, तर निघायच्या आदल्या दिवशी घेतलेला दुसरा डोससुद्धा वाया जात नाही. पहिला आठवडा त्यांनी पाण्याबाबत जास्त जागरूक राहायचं, एवढंच.

लस घेताना एक तास आधी आणि एक तास नंतर काही खायचं-प्यायचं नाही. सोबत सोड्याची पुडी येते, ती आधी गार पाण्यात विरघळवायची आणि मग लस त्यात मिसळायची. हा सोडा टाळून चालत नाही. लसीतला तो चिकटणारा भाग जठरातल्या आम्लात टिकत नाही, सोडा त्याला वाचवतो. लस फ्रीजमध्ये ठेवायची, पण गोठवायची नाही. दुसरा डोस घरी आणून ठेवणार असाल तर बर्फाच्या कप्प्यापासून लांब. ताप असेल किंवा पोट बिघडलं असेल तर बरं वाटेपर्यंत थांबावं. फॉर्माल्डिहाइडची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, कारण लसीत त्याचा अंश असू शकतो.

दुसरा पर्याय वॅक्सकोरा. हिच्यात जंतू जिवंत पण दुबळा केलेला असतो, आणि एकच डोस लागतो, साथीच्या जागी पोहोचण्याआधी किमान दहा दिवस. अमेरिकेत तिला 2016 मध्ये मान्यता मिळाली. त्या वेळच्या चाचणीत स्वयंसेवकांना लस देऊन नंतर मुद्दाम कॉलऱ्याचे जंतू पाजले गेले (अशा प्रयोगाला तयार होणाऱ्यांचं मला नेहमीच नवल वाटतं). दहा दिवसांनी जंतू पाजलेल्यांत सुमारे 90 टक्के आणि तीन महिन्यांनी पाजलेल्यांत सुमारे 80 टक्के संरक्षण दिसलं. अठरा दिवसांत ही सहज बसते. पण जंतू जिवंत असल्यामुळे आधीचे चौदा दिवस प्रतिजैविकं घेतलेली चालत नाहीत, आणि नंतरचे दहा दिवसही ती टाळावी लागतात. यात एक अडचण दडलेली आहे. तुमच्या यजमानांना त्या भागात मलेरियासाठी रोज डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगितलं असेल, तर तेही प्रतिजैविकच. क्लोरोक्विनलाही असंच दहा दिवसांचं अंतर ठेवतात. तेव्हा मलेरियाची गोळी कोणती आणि कधी सुरू करायची हे ठरल्याशिवाय ही लस घेऊ नका. शिवाय लस घेतल्यावर काही दिवस काहींच्या शौचातून तो दुबळा जंतू बाहेर पडतो. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर दोन आठवडे साबणाने हात धुण्याची जास्त काळजी घ्यावी. टायफॉइडची तोंडाने घ्यायची कॅप्सूलही घ्यायची असेल, तर आधी कॉलऱ्याची लस आणि त्यानंतर किमान आठ तासांनी कॅप्सूल.

या दोन्हींपैकी तुमच्याकडे कोणती मिळते हे देशागणिक बदलतं. निवडीला वाव असेल तर यजमानांना मी ड्युकोराल देईन, केवळ मलेरियाच्या गोळीचा गुंता टाळायला.

छावणीत गेल्यावर त्यांना तिसरंही एक नाव ऐकू येईल, युविकॉल. साथीत लाखो लोकांना एका वेळी देतात ती ही लस. सोडा नको, ग्लासभर पाणी नको, एक छोटी कुपी तोंडात रिकामी केली की झालं. हीच पद्धत असलेल्या शँकॉलची मोठी चाचणी कोलकात्यात झाली होती आणि तिथे दोन डोसांनंतर पाच वर्षांत 65 टक्के संरक्षण दिसलं, मात्र लहान मुलांत बरंच कमी. 2013 पासून अशा लसींचा जागतिक राखीव साठा ठेवला जातो. साथी इतक्या वाढल्या की ऑक्टोबर 2022 पासून साथीच्या मोहिमांत दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरलं. "तिथे गेल्यावर मोहिमेत मिळेलच की" असं म्हणून त्यांनी थांबू नये. एक तर तो साठा छावणीतल्या लोकांसाठी आहे, आणि दुसरं म्हणजे मोहीम कधी येईल याचा भरवसा नाही. प्रवाशांची लस वेगळ्या साठ्यातून येते. आपण घेतली म्हणून तिथल्या एखाद्या मुलाचा डोस कमी झाला, असा अपराधी भाव मनात आणायचं कारण नाही.

आता सासूबाईंची गोळी. तुमच्या पत्रात तो उल्लेख कंसात टाकावा तसा जाता जाता आला, पण मी तिथेच सगळ्यात जास्त थांबले.

कॉलऱ्याच्या जंतूचा मोठा शत्रू आपल्या जठरातच बसलेला असतो. तो म्हणजे तिथलं आम्ल. पूर्वी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की धडधाकट माणसाला आजारी पाडायला दहा कोटी किंवा त्याहूनही जास्त जंतू पोटात जावे लागतात. पण आधी सोडा पाजून आम्ल मारलं की त्याच माणसांना हजारांच्या आणि लाखांच्या घरातले जंतू पुरे होतात. म्हणजे एरवी जो घोट पचून गेला असता, तोच घोट आजार देऊन जातो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचं जठर कायम त्या सोडा प्यायलेल्या स्वयंसेवकासारखं असतं. जठराचा भाग शस्त्रक्रियेने काढलेल्यांचंही तसंच. त्यात वय 69. जुलाबाने शरीरातलं पाणी झपाट्याने कमी झालं तर या वयात मूत्रपिंडांवर आणि हृदयावर लवकर ताण येतो. तरुणपणी जे दोन दिवसांत भरून निघतं, त्याला आता आठवडे लागतात.

म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, की ही गोळी अजून लागते का. कित्येकांची ही गोळी कधीतरी सहा आठवड्यांसाठी सुरू झालेली असते आणि मग बंद करायची कुणालाच आठवण राहत नाही. मात्र ती आपल्या मनाने एकदम थांबवू नका. वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत जठराचं रक्षण व्हावं म्हणून दिलेली असेल तर ती लागणारच, आणि लागत नसली तरी अचानक सोडली की आम्ल उसळतं आणि रात्रभर जळजळ होते. दोन महिने हातात आहेत, तेवढ्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करता येईल. गोळी चालूच ठेवावी लागली, तर ड्युकोरालचे दोन डोस त्यांना द्यावेत असं मी म्हणेन. 65 वर्षांवरच्या लोकांत या लसीचा अभ्यास थोडकाच झाला आहे, त्यामुळे मोठ्या अपेक्षा ठेवू नका, पण मारलेल्या जंतूंची लस असल्यामुळे या वयात द्यायला हरकत नसते. गोळी बंद झाली, तर मात्र त्या तुमच्याच गटात आल्या आणि लस नाही घेतली तरी चालेल.

तुम्ही आणि लेक. तुमचा मुक्काम राजधानीतल्या हॉटेलात, दहा दिवस. तुमच्याकरता कॉलऱ्यापेक्षा टायफॉइड आणि अ प्रकारची कावीळ यांची शक्यता कितीतरी जास्त आहे. आधी त्या लसी झाल्या आहेत का ते बघा, आणि मुलीची गोवराची लस पूर्ण आहे का तेही. मुलीला ड्युकोराल द्यायचीच म्हटली तर सहा वर्षांखालच्या मुलांना तीन डोस लागतात आणि संरक्षण सहा महिन्यांतच ओसरतं. दहा दिवसांसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. पण "बाबांची छावणी बघायला जाऊ, दोन दिवस तिथेच राहू" असा बेत शिजत असेल, तर वर लिहिलेलं तुमच्या बाबतीतलं सगळं रद्द समजा आणि पुन्हा डॉक्टरांकडे जा.

लस न घेणाऱ्यांनीच नव्हे, घेणाऱ्यांनीही पाण्याचं पथ्य सोडायचं नाही. बांगलादेशातल्या मतलब भागात ड्युकोरालच्या पूर्वरूपाची चाचणी झाली. पहिल्या सहा महिन्यांत 85 टक्के संरक्षण मिळालं, पण तीन वर्षांचा एकूण हिशेब निम्म्यावर आला. 85 टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे हे अभियंत्याला सांगायला नको. आणि कॉलऱ्याच्या जंतूचेही गट असतात, हे सगळं त्यातल्या ओ1 गटापुरतं. 1992 मध्ये चेन्नईत ओ139 हा नवा गट प्रकटला, त्यावर ड्युकोराल चालत नाही, सुदैवाने तो आता क्वचितच सापडतो.

पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळलेलं, उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं, किंवा सील तुमच्यासमोर तोडलेली बाटली. दात घासायलाही तेच. बर्फ नको. गोठल्याने हा जंतू मरत नाही, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे ग्लासात बघून कळत नाही. अन्न वाफाळतं हवं. फळ सोलायचं असेल तर आपल्या हाताने, आधी हात धुऊन. कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले शिंपले आणि मासे अजिबात नकोत. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या संगमावर हा जंतू सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो, माणूस नसला तरी. फेब्रुवारी 1992 मध्ये दक्षिण अमेरिकेतून लॉस एंजेलिसला गेलेल्या एका विमानातल्या 75 प्रवाशांना कॉलऱ्याची लागण झाली आणि एकाचा मृत्यू झाला. संशय होता वाटेत लिमामध्ये चढवलेल्या, थंडच वाढलेल्या सागरी सॅलडवर. विमानातलं जेवण म्हणजे निर्धोक, असं मानणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

यजमानांना क्लोरिनचं प्रमाण मी शिकवायला नको. त्यांना एवढंच सांगा, की लोकांच्या नळाशी जे मोजमाप करता, तेच स्वतःच्या तंबूतल्या पिंपाशीही करा. दुसऱ्यांचं पाणी शुद्ध करण्यात बुडालेला माणूस दुपारी तहानेने कुणाच्याही हातचा पेला घेतो. रक्तगट ओ असेल तर जरा जास्तच जपावं. या गटात लागण झाली तर आजार तीव्र होण्याची शक्यता अधिक असते.

बॅगेत लसीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची पाकिटं. चौघांच्याही बॅगेत. 1971 च्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजची पाकिटं तयार करून घेतली आणि पाण्यातून रुग्णांना पाजायला लावली. 30 टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. आतड्याच्या पेशी विषाने बिघडल्या तरी ग्लुकोजच्या जोडीने मीठ शोषायचं विसरत नाहीत, आणि मिठामागोमाग पाणी आत येतं. सगळी किमया एवढीच. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच पाणी घ्या, मुलांना आवडावं म्हणून साखर वाढवू नका. जास्त साखरेने जुलाब वाढतात. तयार केलेलं द्रावण चोवीस तासांनी फेकून द्या. लेकीला प्रत्येक पातळ शौचानंतर 100 ते 200 मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. जुलाब थांबवायची गोळी, लोपरामाइड, कॉलऱ्याची शंका असेल तेव्हा घ्यायची नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे गढूळ पांढरट जुलाब सुरू झाले, पाय वळायला लागले, लघवी कमी झाली, तर "सकाळी बघू" नको. त्याच तासाला उपचार केंद्र गाठायचं, वाटेतही ओआरएस पीत राहायचं. उपचार मिळाले नाहीत तर तीव्र कॉलऱ्यात निम्मे रुग्ण दगावू शकतात. वेळेवर मिळाले तर शंभरात एकही नाही.

राहिली तुमची शेवटची धास्ती. जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसायला काही तास ते पाच दिवस लागतात. छावणी सोडून पाच दिवस झाले आणि पोट ठीक आहे, तर यजमानांना तिथला कॉलरा होण्याची शक्यता संपल्यातच जमा. लागण होऊनही काहीच त्रास न होणारे खूप असतात, त्यांच्या शौचातून काही दिवस जंतू जातात हे खरं. पण घरात बंदिस्त मैलापाणी, साबण आणि वाहतं पाणी असेल तर एकाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही, कारण लागायला जंतू खूप लागतात. हैतीत 2010 मध्ये कॉलरा बाहेरून आला हे तुम्ही वाचलं असेल. पण तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरचा मैला प्रक्रिया न होता नदीला मिळणाऱ्या ओढ्यात गेला, आणि लोक त्याच नदीचं पाणी पीत होते. एका घरातल्या एका संडासातून असं होत नाही. त्यांना अलग खोलीत ठेवायची, भांडी वेगळी करायची गरज नाही. पहिला आठवडाभर स्वयंपाकघरात मदत करायचा उत्साह त्यांनी आवरावा आणि संडासाहून आल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढं पुरे. पाच दिवसांच्या आत पातळ जुलाब सुरू झालेच, तर रुग्णालयात पहिल्या वाक्यात सांगायचं, "मी कॉलऱ्याची साथ असलेल्या भागातून आलोय." शौचाच्या नेहमीच्या तपासणीत हा जंतू निसटू शकतो, प्रयोगशाळेला त्याच्यासाठी वेगळं माध्यम वापरायला मुद्दाम सांगावं लागतं.